प्रेमाच्या चर्चासत्रात आईचा सत्कार

"हिला आधी जरा नीट नेसवून आण. मग स्टेजवर घेऊ."

सर हे मला म्हणाले, माझ्या आईकडं बघत. आईशी बोलले नाहीत. आई दोन हात अंतरावर उभी होती. निळी सुती साडी, पहाटे उठून, धुतलेल्या घडीतनं काढून नेसलेली. केसाला तेल. पायात माझ्या चपला, कारण तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता. सरांनी माझ्या हातात पिशवी दिली. पिशवीत नवी साडी, डाळिंबी, मोठ्या काठाची. आमच्या मागं बॅनर: 'व्यक्ती आणि प्रेम : तात्त्विक विमर्श'. दोन दिवसांचं राष्ट्रीय चर्चासत्र. बॅनरवरचं शुद्धलेखन मीच तपासलं होतं.

मी पिशवी घेतली आणि 'हो सर' म्हणाले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी लई शहाणपणाचं बोलणार आहे आणि तुम्हाला वाटंल, ही बाई पहिल्यापासून ताठ कण्याची असणार. नव्हते. मी 'हो सर' म्हणाले.

मी तत्त्वज्ञान शिकवायचे. तुळजापूर तालुक्यातलं, हायवेला लागून असलेलं कॉलेज. नाव सांगत नाही. सांगितलं तर लोक नावालाच धरून बसतील आणि म्हणतील, आमच्याकडं असं नसतं बाई. हैदराबादकडं जाणारे ट्रक गेले की वर्गाच्या काचा वाजायच्या आणि वाक्य अर्ध्यात थांबवावं लागायचं. मी तासिकेवर होते. म्हणजे दर जूनला नव्यानं मुलाखत, दर एप्रिलला मोकळी. मुलाखत घेणाऱ्यांत सर. विभागप्रमुख सर. संस्था सरांच्या चुलत्याची, घर गावच्या पाटलांचं. सरांनी मान हलवली तर मी प्राध्यापक. नाही हलवली तर वस्तीतली शिकलेली पोरगी. आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडं. एवढं सांगितलं की आम्ही कोण, ते आमच्या गावात लहान पोरालाही कळतं.

सर कधी वाईट बोलले नाहीत. हेही लिहून ठेवते. शिवी देणारा माणूस मला परवडतो, त्याचं काय ते समोर असतं. गोड बोलणाऱ्याची मला धास्ती वाटते. कुणी फार मायेनं बोलायला लागलं की मी आधी पायाखाली बघते.

तीन दिवस आधी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाले. चहा मागवला. चार वर्षांत पहिल्यांदा. चहा अजून यायचाच होता, तेवढ्यात मी ओळखलं, पाणी कुठंतरी मुरतंय.

"चर्चासत्राच्या दुसऱ्या दिवशी आईला घेऊन ये," सर म्हणाले. "आमच्या आक्काची सेवा केली त्यांनी. माझा पेपर त्यांच्यावरच आहे. सत्कार करू."

आक्का म्हणजे सरांची आई. तिला लकवा मारला होता. नऊ वर्षं अंथरुणावर होती. ती नऊ वर्षं माझ्या आईनं तिचं सगळं केलं. हगणं-मुतणं काढलं, अंग पुसलं, दर दोन तासांनी कूस बदलली. मी चौथीत होते तेव्हापासून बारावीपर्यंत.

मला संशय आला. आणि खरं सांगते, आनंदही झाला. दोन्ही एकदमच. माझी आई स्टेजवर, पुण्या-संभाजीनगरच्या प्राध्यापकांसमोर, खांद्यावर शाल! कुठल्या लेकीला नको वाटंल? गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते काय उगंच नाही.

आई यायला तयार नव्हती.

"मला काय कळतंय त्यातलं? लोक विंग्रजी बोलत्याल आन् म्या बसू व्हय तोंड बघत?"

"सत्कार आहे आई तुझा."

"कशाबद्दल?"

"आक्काचं केलंस म्हणून."

ती परातीतलं पीठ मळत राहिली. मग मान न उचलता म्हणाली, "तुझ्या नोकरीचं काय हाय का त्यात?"

"असंल."

"मग येते."

एवढंच झालं. मला तिथंच कळायला पाहिजे होतं. माझी आई प्रेमाच्या चर्चासत्राला माझ्या जूनच्या मुलाखतीसाठी आली होती.

तर मी पिशवी घेऊन तिला लेडीज रूममध्ये नेलं. कडी लावली. आई भिंतीकडं तोंड करून उभी राहिली आणि साडी सोडायला लागली. इतक्या सराईतपणे, की मी बघतच राहिले. घरी नेसताना ती घोळ घालते, निऱ्या सुटतात, मला हाक मारते. इथं दोन मिनिटांत निळी साडी उतरली, आतली बाजू वर करून घडी झाली, काखेत गेली. मग ती भिंतीवर काहीतरी शोधायला लागली.

"काय पाहिजे?"

"खुंटी न्हाय का हितं?"

"ठेव की पिशवीत."

"बरं. आन् ही जाताना धुऊन द्यायची, का तशीच टाकायची?"

"का द्यायची? तुझीच आहे ती."

आईनं माझ्याकडं बघितलं. हसली. मला ते हसणं आजही सहन होत नाही.

"न्हाय, तिथं द्यावी लागायची," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. निऱ्या करत करत, जसं भाजी कशी केली ते सांगावं तसं. सरांच्या घरी ती मागच्या दारानं जायची. मागं गोठा. गोठ्यात खुंटीला एक साडी असायची, त्यांची. वस्तीतनं नेसून आलेलं लुगडं घरात चालायचं नाही. गोठ्यात बदलायचं, आपलं खुंटीला, त्यांचं अंगावर, मग आत आक्काच्या खोलीत. निघताना त्यांची साडी धुऊन तारेवर टाकायची आणि आपली नेसून मागच्या दारानं बाहेर. पावसाळ्यात ती वाळायची नाही. मग ओलीच नेसायची.

"नऊ वर्षं?" मी म्हणाले.

"आक्का व्हती तवर."

ती साडी हिरवी होती. मला माहीत होती! शाळा सुटल्यावर मी कधीकधी सरांच्या मागच्या अंगणात जायचे, आई बाहेर यायची, मला पाण्याचा घोट, एखादा गुळाचा खडा. तिच्या अंगावर हिरवी साडी. घरी आली की नसायची. मी समजायचे, सरांच्या घरच्यांनी माझ्या आईला चांगली साडी दिलीय आणि ती जपून तिथंच ठेवते. मी वर्गात सांगितलं होतं. माझ्या आईला पाटलांनी हिरवी साडी घेतलीय म्हणून. मिरवले होते मी. पुढच्या बाकावरच्या दोन मुली एकमेकींकडं बघून हसल्या होत्या, आणि मला वाटलं, जळतात.

त्यांना माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. मला सोडून.

बाहेरून कुणीतरी दार वाजवलं. "मॅडम, सर बोलवतायत." मी आईचा पदर सारखा केला. माझ्याच हातानं.

सरांनी पेपर वाचला. चांगला वाचला. सरांचा आवाज चांगला आहे. माणूस ही वापरायची वस्तू नव्हे, माणसाला माणूस म्हणून भिडायची एकच रीत आहे, ती म्हणजे प्रेम, असं सर म्हणाले. वाक्य खोटं नव्हतं. हीच तर गोची. मीही वर्गात हेच शिकवायचे, पोरं वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत लिहायची. मग सर म्हणाले, पुस्तकात शोधायची गरज नाही, मी हे माझ्या घरात पाहिलं आहे. आणि आईला पुढं बोलावलं. टाळ्या. शाल, नारळ. पुण्याहून आलेल्या पाहुण्या बाईंनी आईला खुर्ची दिली. आई खुर्चीच्या कडेला टेकली, पूर्ण न बसता.

सरांनी माईक तिच्या तोंडाशी धरला.

"मावशी, खरं सांगा. आमच्या आक्कावर तुमचं प्रेम होतं ना?"

त्यांच्या घरी तिला कुणी कधी मावशी म्हणालं नव्हतं. 'शेवंते' म्हणायचे. सरांची धाकटी पोरगीसुद्धा.

आईनं सभागृहात नजर फिरवली. मला शोधत होती. मी दाराशी उभी होते, हातात सहभागाच्या प्रमाणपत्रांचा गठ्ठा. तिला मी दिसले. तिनं मला बघितलं, गठ्ठा बघितला. मग माईककडं तोंड नेलं.

"व्हय."

कडाडून टाळ्या. एक जण तर उभा राहिला. पाहुण्या बाईंनी चष्मा काढून डोळे टिपले.

"बघा," सर म्हणाले, "एकच शब्द. ना अपेक्षा, ना हिशोब. हिला आम्ही कधी कामवाली मानलंच नाही. आमच्या घरातलीच आहे ती."

घरातलीच! माझ्या कानात काहीतरी तापायला लागलं. घरातली बाई गोठ्यात लुगडं बदलत नाही हो. कामाला काम म्हणलं की माणसाला सुट्टी मागता येते, कंबर दुखते म्हणता येतं, उद्यापासून येत नाही म्हणता येतं. प्रेम म्हणलं की तोंडच बंद. प्रेम करणारी बाई कुणाला सांगणार, की मला उद्या नको? नऊ वर्षांत तिच्या कमरेचा काटा ढिला झाला आणि यांनी त्याला एक गोड नाव दिलं, आणि ते नाव तिच्याच तोंडून वदवून घेतलं. माझ्या देखत. मला ओलीस ठेवून. चर्चासत्र असं असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

जेवणाची सुट्टी झाली. गव्हाची हुग्गी म्हणजे गुळातली खीर होती, भाकरी, शेंगाची चटणी. पाहुणे रांगेत ताटं घेऊन टेबलांवर बसले. आई दिसेना. शोधलं तर मागच्या पायरीवर, सायकल स्टँडकडं तोंड करून, ताट मांडीवर. शाल पिशवीत घातलेली. तिला तिथं बस असं कुणी म्हणालं नव्हतं. मी चौकशी केली. खरंच कुणी म्हणालं नव्हतं. तिची तीच गेली होती. त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना.

मी शेजारी बसले.

"आई, व्हय का म्हणालीस?"

"तुला बघितलं म्हणून."

"आक्कावर जीव होता का तुझा?"

तिनं घास खाल्ला. विचार केला. माझ्या आईला विचार करताना त्या दिवशी कुणी बघितलं असतं तर दोन दिवसांचं चर्चासत्र तिथंच झालं असतं.

"कधी व्हता, कधी न्हाय," ती म्हणाली. "चांगली बोलायची कधी. कधी थुकायची. पर तिच्या पाठीला म्या फोड यू दिला न्हाय. नऊ वर्सात एक न्हाय. डाक्टर म्हनला व्हता, अशी सेवा सोलापूरला बी हुईत न्हाय. ते म्या केलं. ते माझं काम व्हतं. मला तसं इचारलं असतं तर सांगितलं असतं."

"मी सांगू का वर?"

"तुझं तास?"

"जातील."

ट्रक गेले दोन-तीन. मग आई म्हणाली, "सांग. पर साडीचं सांगू नगं. माझी लाज हाय ती."

मी शब्द दिला. आज लिहितेय ते तिला विचारून. मागच्या महिन्यात कागद घेऊन बसले तेव्हा परत विचारलं, साडीचं काय करू? ती म्हणाली, "लिही. लाज माझी न्हवती." इतकी वर्षं लागली तिला, आणि मला तर अजून पूर्ण कळलेलं नाही.

समारोपात आभारप्रदर्शन माझ्याकडं होतं. आमच्याकडं आभार नेहमी तासिकेवाल्यांकडंच असतात. उद्घाटन मोठ्यांचं, बीजभाषण पाहुण्यांचं, आभार आमचे. संस्थाचालकांपासून मंडपवाल्यापर्यंत यादी, कुणाचं नाव राहिलं तर आठवडाभर बोलणी. यादी माझ्या हातात होती. मी माईकसमोर उभी राहिले. आई शेवटच्या रांगेत. या वेळी खुर्चीत नीट बसलेली.

मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे, कारण नंतर मी ते रोज म्हणून बघितलंय.

"सकाळी माझ्या आईला एक प्रश्न विचारला गेला. तिनं 'व्हय' म्हणून उत्तर दिलं. ते उत्तर तिनं माझ्या नोकरीसाठी दिलं. ते उत्तर ती मागं घेते. तिनं नऊ वर्षं काम केलं. चांगलं काम केलं. त्याला काय म्हणायचं ते ती ठरवंल. सरांनी आपल्या पेपरातनं तिचं नाव काढावं, ही विनंती. आणि आजचे आभार मी मानणार नाही."

आवाज फाटला होता माझा. शेवटचं वाक्य तर ओरडल्यासारखं झालं. सर हसत पुढं आले. हसत! माईक माझ्या हातातनं घेतला आणि म्हणाले, "भावनेच्या भरात बोलली. मुलगीच आहे आमची."

मी माईकशिवाय म्हणाले, "न्हाय. मी तुमची मुलगी न्हाय."

मी 'नाही' म्हणत नव्हते, 'न्हाय' म्हणत होते. कॉलेजात पाऊल ठेवल्यापासून जी जीभ मी घासूनपुसून ठेवली होती, ती ऐनवेळी घरची निघाली. बरं झालं.

कुणीतरी घाईघाईनं राष्ट्रगीत सुरू केलं. सगळे उभे राहिले. मीही राहिले, सावधान. राष्ट्रगीताशी माझं काही भांडण नव्हतं.

बाहेर गाड्यांपाशी, पायरीजवळ, पाहुण्या बाईंनी मला आणि आईला गाठलं. सर त्यांना नळदुर्गचा किल्ला दाखवायला नेणार होते, गाडी चालू करून उभे होते. बाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"किती अस्सल बोललात तुम्ही! हे लिहायला हवं. मी तुमच्या आईंवर लिहीन. एक फोटो घेऊ का त्यांचा? या पायरीवरच बसू दे, इथं छान वाटतंय."

बाई मनानं वाईट नसतील. मला माहीत नाही. पण मोबाईल त्यांनी आधीच वर केला होता, आणि विचारत मला होत्या.

"तिलाच विचारा," मी म्हणाले.

बाई आईकडं वळल्या. "फोटो घेऊ ना, मावशी?"

आईनं पदर खांद्यावरून पुढं ओढला. बाईंकडं सरळ बघितलं.

"न्हाय," आई म्हणाली.

आणि चालायला लागली, फाटकाकडं. पुढच्या. मी मागं.

जूनमध्ये मुलाखत झाली. मला विचारलं, संस्थेशी एकनिष्ठ राहाल का? मी म्हणाले, विषयाशी राहीन. झालं. यादीत माझं नाव नव्हतं. आता मी जळकोटला एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला मराठी शिकवते आणि उरलेल्या वेळात पीएच.डी.चं रखडलेलं काम करते. वाईट वाटतं का? वाटतं. वर्गात उभं राहून 'माणूस म्हणजे काय' हा प्रश्न फळ्यावर लिहायची मला चटक होती. ती चटक गेलेली नाही. कुणी म्हणालं, धाडस केलंस, तर मला बरं वाटत नाही. त्यातही मला वास येतो. धाडसाचं कौतुक करणाऱ्यांतला एकही त्या दिवशी माझ्या बाजूनं उठला नव्हता.

सरांचा पेपर छापून आला. आईचं नाव काढलंय. नावाच्या जागी 'एक परिचारिका' आहे, आणि 'व्हय' तसाच ठेवलाय.

गेल्या आठवड्यात सरांचा फोन आला. पुन्हा चर्चासत्र आहे. विषय 'करुणा आणि व्यक्तित्व'. झालं गेलं विसर, आपलीच आहेस तू, आईलाही आण, सगळ्यांना भेटायचंय तिला. आवाज तोच, मध लावलेला.

मी म्हणाले, "आई येणार नाही. मी येईन. नोंदणी करून येईन, पाहुणी म्हणून नाही. पहिल्या रांगेत बसेन."

"पेपर वाचणार का?" सरांनी विचारलं, जरा जपून.

"नाही. प्रश्न विचारणार."

पेपरानंतर पाच मिनिटं प्रश्नोत्तरांची असतात. बहुतेक वेळा ती चहात जातात. या वेळी जाणार नाहीत. माझा प्रश्न तयार आहे आणि मी तो इथंच लिहून ठेवते, म्हणजे ऐकला नाही असं कुणाला म्हणता येणार नाही: ज्या माणसाला तुमच्यासमोर 'न्हाय' म्हणायची सोय नाही, त्याच्या 'व्हय'ला तुम्ही प्रेम कोणत्या तोंडानं म्हणता?

उत्तर येईपर्यंत मी खाली बसणार नाही.